भिकन मिस्त्रीचं नाक

धरणावरच्या बोटिंगला सोमवारी सुट्टी असते. सुट्टी पर्यटकांना, बोटवाल्यांना आणि तिकिटाच्या खिडकीला. भिकन मिस्त्रीला नाही. सहा दिवस बोटी पळायच्या आणि सातव्या दिवशी त्यांची दुखणी भिकनने काढायची, असं गेली अकरा वर्षं चाललं आहे. या सोमवारी मात्र त्याने शेडचं कुलूप काढलं आणि आत न जाता दारातच बसकण मारली. गुडघे दुखत होते हे खरं, पण अठ्ठावन्नाव्या वर्षी ते रोजच दुखतात. आत स्टँडवर चार नंबरच्या बोटीचं इंजिन टांगलेलं होतं. ते ज्याच्या चुकीने बंद पडलं असं ठरलं होतं, तो पुंजा कामावरून कमी होऊन घरी बसला होता. आणि चूक पुंजाची असं ठरवलं होतं भिकनने. सगळ्यांसमोर, पेट्रोलचं टोपण नाकाला लावून.

हे नाकाचं प्रकरण आधी सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

भिकनचे वडील सिन्नरच्या बाजूचे. गाव सोडून सातपूरला आले, कंपन्यांच्या गेटवर हमाली करत राहिले आणि वसाहतीत बुद्धविहाराच्या मागे त्यांनी दोन खोल्या बांधल्या. भिकन दहावीला गणितात आपटला आणि भद्रकालीतल्या एका स्कूटर गॅरेजात चिकटला. तेव्हा शहरात टू-स्ट्रोक स्कूटरींचं राज्य होतं. त्या गाड्यांना पेट्रोलमध्येच तेल मिसळून पाजावं लागे. तेल कमी पडलं की पिस्टन आतल्या आत धरून बसायचा, जास्त झालं की मागे धुराचा लोट. बाकीचे मिस्त्री प्लग काढून, काजळी बघून अंदाज बांधायचे. भिकन टाकीचं झाकण उघडायचा, नाक खाली न्यायचा आणि सांगून मोकळा व्हायचा.

एकदा पिंपळगावचे एक द्राक्षवाले काका स्कूटर टेम्पोत घालून घेऊन आले. नवी गाडी, पण दर आठवड्याला बंद. तीन गॅरेजं झाली होती. भिकनने झाकण उघडलं आणि म्हणाला, "काका, रागवू नका, पण तुमच्या घरातलंच कोणीतरी पेट्रोल काढून घेतंय आणि वर रॉकेल भरतंय." काकांचा धाकटा भाऊ निघाला. त्या घरात पुढे काय रामायण झालं ते देव जाणे, पण भिकनचं नाक तेव्हापासून पंचवटीपासून ओझरपर्यंत माहीत झालं. लोक गंमत म्हणून त्याच्यासमोर बाटल्या धरायचे आणि तो डोळे मिटून ओळखायचा. आपल्याकडे एखाद्याला एक गोष्ट बरी जमते म्हटलं की त्याला दुसरं काही येत असेल असं कोणाच्या मनातही येत नाही. भिकनचं तसंच झालं. हात चांगला होता, कान चांगला होता; पण बोलबाला नाकाचा.

मग टू-स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून गेल्या आणि भिकनचं गिऱ्हाईकही गेलं. त्याच सुमाराला धरणावरच्या बोटिंगच्या ठेकेदाराला इंजिनं सांभाळणारा माणूस हवा होता. बोटीचं इंजिन पहिल्यांदा पाहून भिकन हसला होता. मागच्या फळीला अडकवलेली, पाण्यात पंखा बुडवून ठेवलेली स्कूटरच ती! तीच टू-स्ट्रोकची तऱ्हा, वीस लिटर पेट्रोलला चारशे मिली तेल. त्या तेलाला आपले लोक टू-टी म्हणतात. भिकन दुसऱ्याच दिवशी कामाला लागला.

तेलं ठेवायची पद्धत तिथे त्यानेच पाडली. ठेकेदार तेल मोठ्या डब्यांतून पाठवायचा आणि डबा तिरपा करून ओतायचं म्हणजे अर्धं जमिनीला. म्हणून पर्यटकांनी फेकलेल्या पाण्याच्या बाटल्या धुऊन, वाळवून त्यांत तो तेलं भरून ठेवायचा. टू-टीची बाटली, गिअरच्या तेलाची बाटली. पुढे नवी फोर-स्ट्रोक स्पीडबोट आली, तेव्हा तिच्या तेलाची एक आणि तिचं इंजिन वर-खाली उचलणाऱ्या पंपाच्या तेलाची आणखी एक बाटली. बाटल्या सगळ्या एकसारख्या आणि चिठ्ठी एकीवरही नाही. आधीच्या मॅनेजरने एकदा विचारलंसुद्धा, लेबलं का लावत नाही म्हणून. तेव्हा बोटवालेच म्हणाले, "लेबल कशाला, मिस्तरी हाय की!" भिकनला ते ऐकून केवढं बरं वाटलं होतं. आता आठवलं की कानशिलं तापतात.

एकवीस सालच्या एप्रिलात भिकनला कोरोना झाला. अकरा दिवस दवाखान्यात, त्यातले चार नाकाला नळी लावून. त्याच्या वसाहतीतले दोघं गेले. भिकन परत आला, पण त्याचं नाक परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात येईल. महिना गेला, पावसाळा गेला, वर्ष गेलं. भिकन रोज सकाळी पेट्रोलचा कॅन उघडून नाक खाली न्यायचा आणि थंड वाफ तेवढी नाकपुडीला लागायची. बाकी काही नाही. आपल्या घरात वीज गेली आहे की सगळ्या गल्लीत, हे बघायला माणूस बाहेर येतो ना, तसं त्याने सुरुवातीला चारचौघांना विचारून पाहिलं, "आज पेट्रोलला वास कमी येतोय का रे?" कोणी हो म्हणालं नाही. मग त्याने विचारणं सोडलं.

घरी एकट्या मनीषाला माहीत. बायकोपासून ते लपणारही नव्हतं. एक दिवस ती नळावर गेली असताना दूध उतू जाऊन पातेलं करपलं, सगळ्या गल्लीला वास गेला, आणि हे महाशय ओट्यापासून चार हातांवर पेपर वाचत बसलेले. तिने गॅस बंद केला आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. त्या दिवसापासून ती त्याला एकच गोष्ट सांगत आली होती. "सांगून टाका कामावर. चोरी केली का तुम्ही?"

पण भिकनने सांगितलं नाही. ठेका दर मार्चला नवा होतो आणि म्हाताऱ्या मिस्त्रीला कमी करायला निमित्त लागतं, हे एक कारण. पण खरं विचाराल तर कामापेक्षा मानाची भीती मोठी होती. भिकनला गावात घर नाही, शेत नाही, कुठल्या पतपेढीचं संचालकपद नाही. एक नाक होतं, तेही गेलं. मग उरलं काय, असा प्रश्न कोणी विचारायच्या आधीच त्याने स्वतःला विचारून टाकला होता.

मग सुरू झालं सोंग. टू-टीची बाटली फळीवर डावीकडे, पंपाच्या तेलाची उजवीकडे, गिअरचं खाली. तेल बोटांत चोळून बघायचं, उजेडात धरून बघायचं आणि मग लोकांसाठी नाकाला लावून मान हलवायची. पाच वर्षं हे चाललं. सोंग घेण्याला कोणी काम म्हणून धरत नाही, पण दमवतं ते कामापेक्षा जास्त. बोटीवरून घरी आला की भिकन चहासुद्धा न घेता भिंतीला टेकून बसायचा. मनीषाला वाटायचं, वय झालं. वय झालं होतंच, पण सगळा दोष वयाच्या माथी मारणं बरोबर नाही.

गेल्या शुक्रवारी कोणी मोठे साहेब पाहणीला येणार असा निरोप आला. साहेब येणार म्हटल्यावर आपल्याकडे जे होतं ते झालं. जेट्टी धुतली, कुंड्यांना गेरू लावला आणि शेडमधली फळीसुद्धा पुसून काढली. सगळ्यांनी मिळून बाटल्या उतरवल्या, फडक्याने पुसल्या आणि हाताला आल्या तशा ओळीने लावून ठेवल्या. साहेब आलेच नाहीत. संध्याकाळी भिकनने शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी पेट्रोलचा नवा कॅन तयार केला. डावीकडे हात घातला, लाल तेलाची बाटली घेतली, चारशे मिली मोजून ओतलं आणि कॅन हलवून ठेवून दिला. टू-टीही लाल आणि पंपाचं तेलही लाल. नाक असतं तर बूच उघडताच कळलं असतं. बोटांत चोळून पाहिलं असतं तरी कळलं असतं. पण दिवसभर फळ्या पुसून तो इतका दमला होता की त्या दिवशी त्याने चोळून पाहिलं नाही.

शेडमध्ये पेट्रोलचे दोन कॅन असायचे. लाल चिंधी बांधलेला तेल मिसळलेला, जुन्या टू-स्ट्रोक बोटींसाठी. बिनचिंधीचा साध्या पेट्रोलचा, नव्या फोर-स्ट्रोक स्पीडबोटीसाठी. सकाळी बोटवाले आपापली टाकी आपणच भरत. जुन्या बोटीत साधं पेट्रोल गेलं की संपलं, इंजिन कोरडं पडून धरणारच. हे त्यांना पाठ होतं.

शनिवार टाक्यांमधल्या जुन्या पेट्रोलवरच निघाला. रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला चार नंबरच्या बोटीने मधल्या पाण्यात पांढरा धूर सोडला, ती एकदा किंचाळली आणि बंद पडली. बोटीवर पुंजा होता आणि सहा जणांचं एक कुटुंब. वारा सुटला होता. बचावाची बोट जाऊन दोर टाकेपर्यंत बोट वाहत वाहत धरणाच्या भिंतीकडे गेली. कोणाला काही झालं नाही. पण आजी रडत होती, सुनेने व्हिडिओ काढला होता, आणि बोट काठाला लागायच्या आत तो शहरातल्या अर्ध्या फोनांत पोहोचला होता.

पुंजा धरणाच्या काठचाच कोळी. वय बेचाळीस. त्याच्या आजोबांची जमीन याच पाण्याखाली आहे. कुठे आहे ते त्याला माहीत आहे, पण पर्यटकांना तो ते कधी दाखवत नाही. कमी बोलतो आणि बोट जपून चालवतो. त्या दिवशी तो ओल्या पँटीने जेट्टीवर उभा राहून एकच वाक्य परत परत सांगत होता. "मी लाल चिंधीच्याच कॅनमधून भरलं."

मॅनेजर वल्लरी मॅडम माणूस वाईट नाहीत. वय पस्तिशीच्या आतलं, हॉटेलची नोकरी सोडून वर्षापूर्वी इथे आलेल्या. मुख्य कार्यालयातून फोनावर फोन येत होते आणि त्यांना एक नाव हवं होतं. त्यांनी टाकीतलं थोडं पेट्रोल टोपणात काढायला लावलं आणि पाचही बोटवाल्यांसमोर भिकनकडे धरलं.

"भिकनभाऊ, तुम्ही वास घेऊन सांगा. यात तेल आहे की नाही? तुम्ही म्हणाल ते फायनल."

भिकनने टोपण घेतलं. टोपणात बोट बुडवून चोळायला हवं होतं. पण सगळे त्याच्या नाकाकडे बघत होते आणि पाच वर्षांची सवय हाताला लागलेली. त्याने टोपण नाकाला लावलं. थंड वाफ लागली. रंगाने काही कळण्यासारखं नव्हतं, आजकालच्या पेट्रोलला स्वतःचाच रंग असतो. कॅन तर त्याने स्वतः बनवलेला, त्यात तेल घातल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. म्हणजे इंजिन धरलंय त्या अर्थी पुंजाने चुकीचा कॅन घेतला असणार. दुसरं काय असणार?

"साधं वाटतंय," भिकन म्हणाला.

त्यातला 'वाटतंय' कोणी ऐकलाच नाही. पुंजाने त्याच्याकडे पाहिलं. भांडला नाही, शपथा घेतल्या नाहीत. अंगातलं लाइफ जॅकेट काढून खुंटीला अडकवलं, चप्पल पायात सरकवली आणि काठाकाठाने घराकडे चालू लागला.

तर सोमवारी दारात बसलेला भिकन अखेर उठला. रविवारी संध्याकाळीच त्याने प्लगच्या भोकांतून तेल सोडून इंजिन भिजत ठेवलं होतं. आता वरचं चाक दोन्ही हातांनी धरून त्याने मागे-पुढे हिसके दिले. पाचव्या-सहाव्या हिसक्याला पिस्टन हलला. जीव भांड्यात पडला. इंजिन अगदीच गेलं नव्हतं. त्याने एकेक नट काढत हेड खोललं आणि आत टॉर्च मारला.

आत चिकट होतं.

भिकन टॉर्च तसाच धरून वाकून राहिला. साधं पेट्रोल जाळून धरलेला पिस्टन त्याने आयुष्यात शंभर वेळा पाहिला होता. तो कोरडा, स्वच्छ, घासून पांढरा पडलेला असतो. इथे भिंतींवर तपकिरी डिंकासारखा थर होता. आत तेल गेलं होतं, पण इंजिन वाचवणारं नाही, भलतंच काहीतरी.

त्याने टाकीतलं थोडं पेट्रोल काढून जुन्या पेपरवर एक थेंब सोडला आणि पेपर दारात उन्हात ठेवला. साधं पेट्रोल असतं तर दोन मिनिटांत उडून कागद कोरा झाला असता. पेट्रोल उडालं आणि मागे रुपयाएवढं गुलाबी तेलकट कडं राहिलं. तेवढ्यावर पुंजा सुटला. त्याने लाल चिंधीच्या कॅनमधूनच भरलं होतं, तो सांगत होता तसंच.

मग भिकन फळीकडे गेला. टू-टीची बाटली त्याने गुरुवारी गळ्यापर्यंत भरली होती. बोटांत चोळून त्याने ती शोधून काढली. ती अजून गळ्यापर्यंत भरलेली होती. पंपाच्या तेलाची बाटली निम्म्याला आली होती, आणि पंपाला गेल्या महिन्याभरात कोणी हात लावलेला नव्हता.

तो खाली पत्र्याच्या डब्यावर बसला. राग यावा असं कोणी समोर नव्हतं. साहेबांवर रागवावं तर ते आलेच नव्हते. बाटल्या सगळ्यांनी मिळून लावल्या होत्या. ओतलं त्याने, आणि खोटा वास घेतला तोही त्यानेच. चूक एक वेळ माणसाकडून होते; पण ती दुसऱ्याच्या नावावर त्याने नाकाने चढवली होती, हे त्याला गिळता येईना.

पण बसून राहायला वेळ नव्हता. त्या कॅनमधलं पेट्रोल रविवारी दुपारी दोन नंबरच्या बोटीतही गेलं होतं, आणि संध्याकाळी बचावाच्या बोटीची टाकी त्याने स्वतःच भरली होती. उद्या कोणी बुडायला लागलं तर धावायची ती बोट. भिकनने रबरी नळी काढली आणि तिन्ही टाक्या रिकाम्या करायला घेतल्या. टाक्या साध्या पेट्रोलने खळखळून काढल्या, नळ्या सोडवून फुंकल्या, कार्बोरेटर उघडून त्यांची बारीक छिद्रं तारेने मोकळी केली. बारा वाजता मनीषाचा फोन आला. तिने विचारलं, जेवलात का. तो म्हणाला, "मनीषा, मी पुंजाला खड्ड्यात घातलं." आणि सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता तरी सांगा. नाहीतर मी येते आणि सांगते."

चार नंबरच्या इंजिनाचा ब्लॉक उतरवून त्याने पिस्टन बाहेर काढले. घासलेल्या रेघा बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढल्या, कपाटातल्या नव्या रिंगा बसवल्या. हात काम करत होते तोवर डोकंही चालू होतं, आणि डोक्याने एक सोपी वाट काढून ठेवली. ठेकेदाराने पाठवलेलं तेलच भेसळीचं निघालं, असं सांगायचं. पुंजा सुटतो, आपणही सुटतो, तेल पाठवणारा कोण कुठला, त्याला कोण विचारतंय. कागदावरचा डागही होता पुराव्याला. भिकनने फोन हातात घेतला तेव्हा हेच वाक्य त्याच्या तोंडात होतं.

"मॅडम, पुंजाची चूक नाही. टाकीत तेल होतं."

"काय सांगता? मग चूक कोणाची?"

भेसळीचं वाक्य तयार होतं. पण ते म्हटलं की उद्या परत वास घ्यायचा, परवा परत घ्यायचा, मार्चपर्यंत घ्यायचा. भिकनला एकदम इतका शीण आला की फोनसुद्धा जड वाटला.

"माझी. मी कॅनमध्ये पंपाचं तेल ओतलं."

"पण भिकनभाऊ, काल तुम्ही वास घेऊन सांगितलंत ना?"

"ते उद्या सांगतो, मॅडम. काल जेवढ्यांसमोर बोललो तेवढ्यांसमोरच सांगतो. पुंजाला बोलवा."

मंगळवारी सकाळी नऊला सगळे जेट्टीवर जमले. पुंजा आला, पण जरा अंतर ठेवून उभा राहिला. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, गरज नाहीये, मी सगळ्यांना सांगितलंय की पुंजाची चूक नव्हती." भिकन म्हणाला, "तेवढं पुरत नाही." मग खांद्यावरच्या फडक्याने हात पुसत, खाली बघत तो बोलला.

"मला वास येत नाही. कोरोनात गेला तो गेला. पाच वर्षं झाली. रविवारी मी टोपण नाकाला लावलं ते खोटं होतं. मला काही कळलं नव्हतं, तरी मी पुंजाचं नाव घेतलं. पुंजा, माझं चुकलं."

 बोटवाल्यांपैकी एक जण उगाच दोर गुंडाळायला लागला. मॅडमनी चष्मा काढून पुसला. रागवावं की नाही हे त्यांना ठरवता येत नसावं. शेवटी त्या म्हणाल्या, की आजपासून बाटल्या बंद, तेल कंपनीच्या डब्यातच राहील आणि कॅन बनवताना दोन माणसं हजर राहतील. आणि मग हळू आवाजात, "भाऊ, हे मला वर कळवावं लागेल. मार्चनंतर तुमचं काय ते माझ्या हातात नाही." भिकन म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." खरंच बरोबर होतं. त्याला वाईट वाटलं, पण खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखंही वाटलं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटतंय म्हणून तो गोंधळला.

चार नंबरचं इंजिन बोटीला चढवलं आणि चाचणीला बोट पाण्यात काढायची वेळ आली. चालवायला माणूस हवा होता. पुंजा कोणी न सांगता खुंटीवरचं जॅकेट घालून येऊन बसला. भिकन मागे इंजिनापाशी बसला. दोरीच्या दुसऱ्या हिसक्याला इंजिन सुरू झालं. धूर नाही, किंचाळी नाही. आधी हळू, मग थोडं जोरात, असं ते मधल्या पाण्यापर्यंत गेले. भिकन कान देऊन ऐकत होता. कान अजून शाबूत होता.

 शेवटी भिकननेच तोंड उघडलं.

"पुंजा, सकाळी सांगितलं तेव्हा सगळे चपापले. तू नाही चपापला."

"मला ठाव व्हतं."

"काय?"

"तुम्हाला वास येत नाय ते. मागल्या उन्हाळ्यात पाणी आटलं, तवा जेट्टीखाली मासे मेले व्हते. चार दिस तिथं कोणाला उभं ऱ्हावत नव्हतं. तुम्ही तिथंच बसून डबा खाल्ला."

भिकनला तो दिवस आठवला. सावली तेवढी चांगली होती तिथे. आज इथे बरी जागा रिकामी आहे, असं तेव्हा त्याच्या मनात आलं होतं.

"मग कोणाला बोलला नाहीस?"

"त्यात काय बोलायचं? तुमचं काम चाललं व्हतं."

इंजिन एका लयीत चाललं होतं. भिकनने विचारावं की नाही असा बराच विचार केला आणि मग विचारलं.

"अरे पण रविवारी? रविवारी तरी बोलायचं होतंस. तुझी नोकरी चालली होती. ह्याला वासच येत नाही, एवढं म्हणाला असतास तर माझं काही चाललं नसतं."

पुंजाने इंजिनाचा वेग कमी केला. बोट संथ झाली. तो समोर पाण्याकडेच बघत होता.

"बोलणार व्हतो, मिस्तरी. पार तोंडाशी आलं व्हतं. पण तुम्ही ते टोपण नाकाला लावलं आन् जरा थांबले. मला वाटलं, आता तुम्ही सोताच सांगताल. म्हणून मी गप राह्यलो."

 सकाळी माफी मागून झाली होती, ती आता फारच थोडी वाटायला लागली. त्याने तोंड दुसरीकडे वळवलं आणि म्हणाला, "चल, वळव आता. ठीक चाललंय."

पण त्याचा आवाज ऐकून पुंजाने बोट लगेच वळवली नाही. तशीच सरळ पुढे नेली आणि एक लांबची फेरी मारून मगच काठाला आणली.